कार्यक्रमात वाजवताना कसब कुठे खर्च करायचं

कार्यक्रमांत वाजवणाऱ्या गायक-वादकांची एक जुनी अडचण आहे. वर्षानुवर्षं रियाज करून हातात आणलेलं काम लोकांपुढे मांडायचं असतं, आणि समोरचे लोक ते काम बघायला आलेलेच नसतात. कुणी लग्नाला आलेलं असतं, कुणी कंपनीच्या सोहळ्याला, कुणी मित्राच्या वाढदिवसाला. संगीत हा त्यांच्या संध्याकाळचा फक्त एक भाग असतो. अशा वेळी काही जण हट्टाने अवघड तेच वाजवतात आणि शेवटी रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत राहतात. काही जण सगळं कसब घरी ठेवून येतात, तीच ती गाणी उरकतात आणि हळूहळू वाद्यालाच कंटाळतात.

मला हे दोन्ही रस्ते मान्य नाहीत. वादकाला जे अवघड जातं ते श्रोत्याला मोठं वाटेलच असं नाही. श्रोत्याला जे जाणवतं, म्हणजे ठेक्याची पकड, सुराची स्वच्छता, आवाजातला चढउतार, नेमका शेवट, त्यासाठी लागणारं कसब एखाद्या जलद तानेपेक्षा तसूभरही कमी नसतं. कसब तेच असतं, फक्त ते कुठे खर्च करायचं हे ठरवावं लागतं. तुम्ही एकटे गिटार घेऊन गात असाल किंवा आठ जणांचा बँड असेल, पुढचा क्रम दोघांनाही लागू पडतो.

पायरी १: कार्यक्रम कशासाठी आहे ते विचारून घ्या

आयोजकाला "कुठली गाणी हवीत?" एवढंच विचारलं तर "छान, सगळ्यांना आवडतील अशी" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: लोक बसलेले असतील की फिरत असतील? आम्ही वाजवत असताना ते आणखी काय करत असतील? मध्ये भाषणं, सत्कार आहेत का? नाच अपेक्षित आहे का, आणि असेल तर किती वाजल्यापासून? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे पाहुणे साधारण कुठल्या वयाचे? आमच्या आधी आणि नंतर काय आहे?

या उत्तरांवरून श्रोत्यांचं लक्ष कुठे असेल ते कळतं. ढोबळमानाने तीन अवस्था असतात. पहिलीत संगीत गप्पांच्या मागे असतं. दुसरीत लोक बसून ऐकतात. तिसरीत नाचतात. एकाच संध्याकाळी तिन्ही येऊ शकतात आणि प्रत्येकीला वेगळं कसब लागतं. गप्पांच्या मागे वाजवताना हळू आवाजातही सूर आणि लय जिवंत ठेवता आली पाहिजे, आणि मंद वाजवूनही ठेका ढिला न होऊ देणं हे फार थोड्यांना जमतं. बसून ऐकणाऱ्यांपुढे बारकावे, विस्तार, एखादं अनोळखी गाणं, सगळं चालतं. नाचणाऱ्यांना मात्र एकच गोष्ट अखंड हवी असते: ठेका. तिथे तुमची सर्वांत सुंदर हरकत (सुरांची छोटी नक्षी) कुणाच्या कानापर्यंत पोहोचणार नाही, पण ठेका अर्धी मात्रा हलला तर पन्नास जणांच्या पायांना ते कळेल.

"श्रोत्यांना काही कळत नाही" हे वाक्य आपल्या क्षेत्रात फार ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. श्रोत्याला नावं माहीत नसतात. सूर किंचित उतरला हे तो बोलून दाखवत नाही, पण मान डोलायची थांबते.

पायरी २: प्रत्येक गाण्याला दोन गुण द्या

तुमच्या यादीतलं प्रत्येक गाणं लिहा आणि त्यापुढे दोन आकडे मांडा, १ ते ५ मध्ये. पहिला आकडा, ते तुम्हाला किती अवघड जातं. दुसरा, ते अनोळखी माणसापर्यंत किती पोहोचतं. दुसरा आकडा स्वतः देऊ नका. न वाजवणाऱ्या दोन-तीन माणसांना तालमीचं रेकॉर्डिंग ऐकवा आणि त्यांच्याकडून घ्या.

जी गाणी अवघड आहेत पण पोहोचत नाहीत, ती तालमीच्या खोलीत ठेवा. त्यांनी हात तयार होतो, त्यामुळे ती सोडायची नाहीत, फक्त कार्यक्रमात आणायची नाहीत. जी अवघड आहेत आणि पोहोचतातही, ती थोडीच असतात. ती जपून वापरा. आणि जी सोपी असून खूप पोहोचतात, त्यांच्यावर सर्वांत जास्त मेहनत करा. बहुतेक बँड नेमकं उलट करतात. सोपं गाणं "येतंच की" म्हणून एकदा वाजवून सोडतात, आणि कार्यक्रमाचा बराचसा वेळ अशाच अर्धवट घासलेल्या गाण्यांत जातो.

ओळखीचं किती आणि नवं किती, याबद्दल मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली एवढ्यानेही ती अधिक आवडू लागते. डॅनियल बर्लाइन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की कलाकृतीतली गुंतागुंत वाढत गेली की आनंद एका टप्प्यापर्यंत वाढतो आणि मग उतरतो. दोन्ही एकत्र ठेवली तर कामाचा नियम हाती येतो: एका वेळी एकच गोष्ट नवी करा. चाल ओळखीची ठेवून ठेका बदला. किंवा ठेका आणि चाल तीच ठेवून मधल्या म्युझिक पीसची स्वरसंगती (एकत्र वाजणारे स्वर) नवी बांधा. अनोळखी गाणं घ्यायचं असेल तर त्याचा ठेका पायाला लगेच सापडेल असा निवडा. चाल, ठेका, गती आणि पट्टी अशा चारही गोष्टी एकदम बदलल्या तर श्रोत्याच्या हातात धरायला काहीच उरत नाही, मग तुमची बांधणी कितीही हुशारीची असो.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो: पहिला मुखडा जसा लोकांना ठाऊक आहे तसाच म्हणायचा. एकदा त्यांनी गाणं ओळखलं, मनात सोबत गुणगुणलं, की दुसऱ्या-तिसऱ्या मुखड्याला हवं तितकं स्वातंत्र्य घ्या. आता तुम्ही काय बदलताय ते त्यांना कळतं, म्हणून ते भावतं.

पायरी ३: न दिसणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च करा

इथे थोडं रेंगाळतो, कारण सगळं इथेच ठरतं.

लय. मंचावर अंगात उत्तेजना असते आणि गाणी नकळत जलद सुरू होतात. पहिलं गाणं तर हमखास. उपाय साधा आहे. प्रत्येक गाण्याची गती मिनिटाला किती ठोके अशी आकड्यात लिहून ठेवा आणि कार्यक्रमात सुरुवातीआधी फक्त दिवा लुकलुकणाऱ्या मेट्रोनोमकडे (ठरवलेली गती दाखवणाऱ्या यंत्राकडे) पाहून गती द्या. गती देणारा माणूस एकच असावा. तालमीत मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक मात्रेला ठेवू नका, त्याने आपण त्याच्या आधाराने चालायला शिकतो. आधी तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, मग आवर्तनात (तालाच्या एका पूर्ण फेरीत) एकदाच, मग चार आवर्तनं पूर्ण बंद करून परत चालू करा. परत येताना तुम्ही समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) एकत्र भेटलात तर लय तुमच्या आत बसली असं समजा.

ठेक्यातली भर. ड्रमर, ढोलकीवाला, तबलजी, सगळ्यांनाच मोकळी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. संगीत-संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ड्रमचे वेगवेगळे ठेके लोकांना ऐकवून पाहिलं. आघात अपेक्षित जागेवरून किती सरकलेत यावरून ठेक्यांची वर्गवारी केली होती. अगदी सरळ ठेक्यांनाही आणि फार गुंतागुंतीच्या ठेक्यांनाही नाचावंसं वाटणं कमी होतं. मध्यम गुंतागुंतीच्या ठेक्यांना सर्वांत जास्त. म्हणून ठेका अगदी सपाट करायची गरज नाही. पण नाचाच्या गाण्यात दर चार आवर्तनांनी लांबलचक फिल (मोकळी जागा भरणारे जास्तीचे आघात) घेतला तर लोकांचा धागा तुटतो. आठ किंवा सोळा आवर्तनांनी एकदा घ्या, छोटा घ्या आणि समेवर ठामपणे उतरा.

पट्टी. गायकाने पट्टी सकाळच्या ताज्या आवाजावर ठरवू नये. दोन तास गायल्यानंतर सर्वांत वरचा स्वर ज्या पट्टीत निर्धास्त लागतो, ती खरी पट्टी. मूळ गाण्यापेक्षा एक-दोन स्वर खाली आलात म्हणून कुणी नाराज होत नाही. वरच्या स्वराला गळा ताणलेला मात्र शेवटच्या रांगेलाही कळतो.

चढउतार. बरेच बँड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजवतात. एक सराव करून पाहा: तेच गाणं अर्ध्या जोराने वाजवा, पण गती तसूभर कमी होऊ देऊ नका. सुरुवातीला जड जातं. ते जमलं की अंतऱ्यात दोन वाद्यं पूर्ण थांबवा आणि मुखड्याला सगळे एकदम या. श्रोत्याला अंगावर काटा आणणारा परिणाम इथून येतो. त्यासाठी एकही जास्तीचा स्वर वाजवावा लागत नाही.

शेवट. गाणं कसं संपतं हे प्रत्येकाला ठाऊक हवं. शेवट चाचपडत झाला तर आधीची चार मिनिटं कितीही चांगली गेलेली असोत, टाळ्या अडखळतात. तालमीत फक्त शेवट घ्या, एकामागून एक, सगळ्या गाण्यांचे.

पायरी ४: जागेचं ऐका

जलद काम पोहोचणार की नाही, हे अनेकदा सभागृहच ठरवतं. ज्या सभागृहात आवाज विरायला दोन सेकंद लागतात, म्हणजे ६० डेसिबलने खाली यायला दोन सेकंद, तिथे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीने मात्रेला चार स्वर घेतले तर प्रत्येक स्वर सेकंदाचा आठवा भाग टिकतो. तेवढ्या वेळात आधीचा स्वर जेमतेम ४ डेसिबल उतरलेला असतो. म्हणजे तुमच्या तानेतले स्वर एकमेकांवर चढतात आणि श्रोत्यापर्यंत गलका पोहोचतो. अशा जागी तानेची गती निम्मी करा, स्वर तोडून वाजवा, वाक्यांमध्ये मोकळी जागा सोडा, बेसचे लांबलेले स्वर आवरा. घुमणाऱ्या जागेत लांब आलाप, दोन गळ्यांतली स्वरसंगती, बासरीसारखी वाद्यं उजळून निघतात, तर यादी तिकडे वळवा. उघड्या मैदानात उलट होतं. आवाज विरून जातो, जलद काम स्पष्ट ऐकू येतं, पण लांब स्वर उघडे पडतात.

मंच रुंद असेल तर आणखी एक अडचण येते. साधारण २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर अंतराला सुमारे ३० मिलिसेकंद. वरच्या उदाहरणातल्या स्वराचा हा जवळजवळ चौथा भाग झाला. दूर बसलेल्या ड्रमचा थेट आवाज ऐकून वाजवलंत तर तुम्ही मागे पडणार. म्हणून मॉनिटरमधून (वादकांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमधून) ऐका, आणि शक्य असेल तेव्हा मंच मोठा असला तरी एकमेकांच्या जवळ उभे राहा.

साउंडचेकच्या वेळी सभागृह रिकामं असतं. माणसं आली की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, विशेषतः वरचे तीक्ष्ण स्वर. म्हणून साउंडचेकला थोडं चकचकीत वाटलं तर लगेच सगळं कापू नका. पहिल्या दोन गाण्यांत परत पाहा. बँडमधल्या एकाने गाणं चालू असताना शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन शब्द कळतात का ते ऐकावं. शब्द कळत नसतील तर गायकाचा आवाज वाढवण्याआधी कीबोर्ड आणि गिटार मधल्या पट्ट्यातून बाजूला करा. दोघंही गळ्याच्याच जागेत वाजवत असतात. एकाने वर जावं, दुसऱ्याने कमी स्वर धरावेत.

आवाजाची पातळी हा आदराचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी आणि कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने कमाल १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. ती वरची सीमा आहे, गाठायचं ध्येय मुळीच नाही. गप्पांच्या वेळी हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता आलं पाहिजे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, म्हणून स्पीकर डोक्यांच्या उंचीवर न ठेवता वर उचलून खाली झुकवा. पहिल्या रांगेचे कान वाचतात आणि मागच्यांना ऐकू येतं.

पायरी ५: यादी बांधा

पहिलं गाणं असं घ्या की जे झोपेतही चुकणार नाही. हात थंड असतात, ध्वनी सांभाळणारा माणूस अजून पातळ्या जुळवत असतो, लोक अजून तुमच्याकडे वळत असतात. इथे अवघड काम आणलं तर ते तिन्ही अडचणींत सापडतं.

तीन-चार गाण्यांचे गट करा. गटात गाणी एकमेकांत जवळजवळ न थांबता जावीत, आणि गट संपला की मग श्वास, दोन वाक्यं, टाळ्या. गटातल्या गाण्यांची गती पायरीपायरीने चढू दे. सलग तीन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच गतीत आली तर का ते न कळताही लोक सैलावतात.

खास कौशल्याची जागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात ठेवा. तोवर विश्वास बसलेला असतो आणि दमही गेलेला नसतो. तासाभराच्या सादरीकरणात अशा दोन, फार तर तीन जागा पुरतात. त्याहून जास्त झाल्या की प्रत्येकीचं मोल उतरतं.

शेवटचं गाणं तुमच्या आवडीचं नको, त्यांच्या आवडीचं हवं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावून पाहिलं होतं. जास्त वेळ चाललेला पण शेवटी किंचित सुसह्य झालेला अनुभव पुन्हा घ्यायला बहुतेक जण तयार झाले, कमी वेळाचा नको म्हणाले. प्रयोग वेदनेचा होता, पण माणूस अनुभवाची लांबी विसरतो आणि टोकाचा क्षण व शेवट लक्षात ठेवतो, हे संगीताच्या संध्याकाळीही दिसतं. वेळ कमी पडू लागला तर मधली गाणी गाळा, शेवटचं कधीच गाळू नका. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा निदान पाच-सहा गाणी जास्तीची तयार असू द्या, मंद आणि जलद दोन्ही प्रकारची.

पायरी ६: सोलो असा रचा की त्यामागे जाता येईल

आता ज्यासाठी एवढा रियाज केला ते. तुमची खास जागा लोकांना आवडावी म्हणून ती सोपी करायची गरज नाही. तिला आत यायचा दरवाजा हवा.

सुरुवात गाण्याच्याच ओळखीच्या ओळीने करा. ती ओळ थोडी बदलून पुन्हा घ्या. मग एक छोटं वाक्य निवडा आणि ते तीनदा वाजवा, प्रत्येक वेळी थोडं पुढे नेत. पुनरावृत्तीने श्रोत्याला कळतं की इथे काहीतरी बांधलं जातंय. जलद काम त्यानंतर, आणि तेही टप्प्याने: आधी मात्रेला दोन स्वर, मग तीन, मग चार. पट फुटताना, म्हणजे मात्रेतले स्वर वाढताना, ऐकू आली की संगीत न शिकलेला माणूसही पुढे सरकून बसतो. शेवटी समेवर यायचं ते जाहीरपणे या. तिहाई (एकच वाक्य तीनदा घेऊन समेवर संपवणं) यासाठी फार प्रभावी आहे, कारण दुसऱ्या वेळेला श्रोता ओळखतो की तिसरी येणार, आणि समेवर तो तुमच्याबरोबर उतरतो. अवघड आडलयीत (मूळ लयीला तिरक्या जाणाऱ्या लयीत) जाऊन गुपचूप समेवर परत येणं हे साथीदारांसाठी असतं. ते तालमीत करा, तिथे दाद मिळते.

लांबी? नाचाच्या गाण्यात आठ आवर्तनं. बसून ऐकणाऱ्यांपुढे दोन ते तीन मिनिटं, मात्र मागचे लोक साथ बदलत असले पाहिजेत. पहिल्या भागात फक्त बेस आणि हलका ठेका, मग हळूहळू बाकीचे.

दिसण्याचाही विचार करा. संशोधक चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संगीत स्पर्धांतले विजेते ओळखायला लोकांना काहींत फक्त आवाज, काहींत आवाज बंद केलेलं चित्रण आणि काहींत दोन्ही दिलं. आवाजच महत्त्वाचा असं सगळे म्हणत होते, तरी बरोबर ओळखणारे जास्त निघाले ते फक्त चित्रण पाहिलेल्यांत, आणि त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. याचा अर्थ उड्या माराव्यात असा नाही. सोलो वाजवणाऱ्याने एक पाऊल पुढे यावं, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहावं, प्रकाश त्याच्यावर यावा, समेवर मान उचलावी. डोळे कुठे लावायचे हे कळलं की कान मागोमाग येतात. बँडमधले बाकीचे फोन बघत असतील, तर पाहुण्यांनी का ऐकावं?

पायरी ७: तालीम कार्यक्रमासारखी करा

बसून, थांबतथांबत, चुकलेलं परत घेत केलेली तालीम गाणी बसवायला ठीक आहे. शेवटच्या दोन तालमी मात्र उभं राहून, ओळीने, न थांबता, गाण्यांमधल्या बोलण्यासकट करा. कुणी चुकलं तरी पुढे जायचं. सावरणं हेही कसब आहे आणि त्याचाही रियाज लागतो.

अवघड जागांना माझी कसोटी कडक आहे. कार्यक्रमाच्या गतीपेक्षा साधारण दहा टक्के जलद गतीने ती जागा स्वच्छ वाजते का? वाजवताना समोरच्याने प्रश्न विचारला आणि तुम्ही हो-नाही उत्तर दिलंत, तरी वाजते का? नसेल तर त्या महिन्यापुरती तिची सोपी आवृत्ती घ्या. मंचावर दिवे डोळ्यांत असतात, मॉनिटर नीट नसतो, कुणीतरी हात हलवून बोलवत असतं. उरलेली ताकद तिथे लागते.

हातखुणा ठरवा: मुखडा परत, सोलो वाढव, सगळे हळू, पुढच्या समेला संपव. चार खुणा पुरे. याच खुणांमुळे पुढची पायरी शक्य होते.

पायरी ८: वाजवताना लोकांकडे पाहा

मंचावरून पहिल्या रांगेकडे पाहून अंदाज बांधू नका. तिथे बहुतेक आयोजक आणि घरचे असतात, ते कशालाही टाळ्या देतील. मधल्या आणि मागच्या लोकांचे पाय आणि खांदे पाहा. लोक मंचाकडे सरकतायत की दाराकडे? गाण्याच्या हळू भागात गप्पांचा आवाज उतरतो की तसाच राहतो?

एखादं गाणं लागत नाहीये असं वाटलं तर त्याला दुसऱ्या मुखड्यापर्यंत वेळ द्या. काही गाणी ओळखायला वेळ लागतो. तरीही हालचाल नसेल तर पुढचा अंतरा गाळून खुणेने संपवा आणि वेगळ्या ठेक्याचं गाणं घ्या. आवाज वाढवणं हा उपाय नव्हे. गेलेलं लक्ष त्याने परत येत नाही, उलट राहिलेले लोकही बाहेर जातात. कधीकधी एकदम हळू होणं जास्त काम करतं. नाच रंगात आला असेल तर मुखडा वाढवा, टाळ्यांचा ठेका घ्या, लोकांना एक ओळ म्हणायला द्या. त्या क्षणी सोलो घेऊ नका. ठरवलेला असला तरी राहू द्या, दुसऱ्या जागी मिळेल.

याच्या उलटही घडतं आणि ते ओळखता यायला हवं. एखाद्या शांत गाण्यात सभागृह अचानक निःशब्द झालं, लोक पुढे झुकले, तर यादी बाजूला ठेवून विस्तार करा. एक आवर्तन जास्तीचा आलाप घ्या, मधला पीस मोकळा सोडा. तुमचं सगळं शिक्षण अशाच जागेसाठी आहे.

फर्माईश आली तर हसून घ्या. येत असेल तर योग्य गटात बसवा, लगेच वाजवायची सक्ती नाही. अर्धवट येत असेल तर मेडलेमध्ये (अनेक गाण्यांचे तुकडे जोडलेल्या मालिकेत) फक्त मुखडा घ्या, नीट येणारा एक मुखडा चुकत म्हटलेल्या पूर्ण गाण्यापेक्षा चांगला. येतच नसेल तर तसं सांगा आणि त्याच धाटणीचं दुसरं सुचवा.

गाण्यांच्या मध्ये कमी बोला. गाण्याची पार्श्वभूमी एका वाक्यात, आभार एका वाक्यात. "आता आम्ही एक खूप अवघड रचना सादर करतोय" असं कधीच म्हणू नका. ऐकणारा लगेच परीक्षक होतो. वाद्य सुरात लावायला वेळ लागणार असेल तर कीबोर्डवाल्याने पुढच्या गाण्याची पट्टी धरून ठेवावी, शांतता रिकामी वाटत नाही.

तेच गाणं शंभराव्यांदा वाजवताना

हा भाग पायऱ्यांत बसत नाही, पण याच्याशिवाय बाकीचं टिकत नाही. लोकांना आवडणारी काही गाणी तुम्हाला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात वाजवावी लागणार, आणि वाजवणाऱ्याचा कंटाळा लोकांना दिसतो.

अशा गाण्याच्या आत काम शोधा. त्याच चार स्वरसंगती या वेळी अशा जागी वाजवा की एका संगतीतून दुसरीकडे जाताना बोटं कमीत कमी हलतील आणि आतला एक स्वर स्वतंत्र चालीसारखा वाहत राहील. ड्रमरने मुख्य आघातांच्या मधले अगदी हलके ठोके घडवावेत. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण ठेका तरंगू लागतो. बेसवाल्याने एखादा स्वर किती लांब धरायचा आणि नेमका कुठे सोडायचा यावर आजची संध्याकाळ घालवावी. गायकाने एका ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते बदलून शब्दांचा अर्थ कसा हलतो ते पाहावं. या गोष्टी अवघड आहेत, खऱ्या कसबाच्या आहेत, आणि त्या ऐकणाऱ्याच्या आनंदाच्या आड येत नाहीत. महिन्यातून एखादी संध्याकाळ फक्त ऐकायला आलेल्या लोकांपुढे वाजवायचीही सोय करा, भले वीस माणसं असोत. तिथे पायरी २ मधली ती मागे ठेवलेली गाणी काढा.

पायरी ९: दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐका

मंचावरचं रेकॉर्डिंग नको, प्रेक्षकांतलं हवं. एखाद्या मागच्या कोपऱ्यात फोन ठेवला तरी पुरे. दोनदा ऐका. पहिल्यांदा वाद्य हातात न घेता, दुसरं काहीतरी करत, पाहुण्यासारखं. कुठे लक्ष आपोआप गेलं आणि कुठे सुटलं ते लिहा. दुसऱ्यांदा मेट्रोनोम घेऊन: प्रत्येक गाण्याची सुरुवातीची गती आणि शेवटची गती मोजा, सूर तपासा, शेवट तपासा. मग दोन्ही टिपणं शेजारी ठेवा. जिथे तुम्हाला स्वतःची चूक टोचली पण पाहुण्याच्या कानाला लागली नाही, ती तालमीच्या खोलीसाठी. जिथे सगळं बरोबर वाजलं तरी लक्ष सुटलं, तिथे बांधणी किंवा गाण्याची जागा बदलायची आहे.

पायरी २ मधला दुसरा आकडा आता या टिपणांवरून दुरुस्त करा, आणि पुढच्या कार्यक्रमासाठी यादीतली फक्त एक-दोन गाणी बदला. एकदम सगळी बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.